वर्तमानात जगणारा माणूस माझ्या घरात आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला वर्तमानात जगण्याविषयीचा पानभर लेख वाचला. बुद्धांनी सांगितलेली अनित्यता आणि सजगता रोजच्या जगण्यात कशी आणावी, हा त्याचा विषय. हेतू चांगला, भाषा सोपी, मुद्रणदोष फक्त दोन. (३१ वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलंय, त्यामुळे मोजल्याशिवाय राहवत नाही.) पण मधल्या चौकटीत मोठ्या टायपात जे सांगितलंय, त्यापाशी मी अडले ती अजून अडलेलीच आहे. कालचं विसरावं, उद्याचं सोडावं, फक्त या क्षणात राहावं. हेच म्हणे बुद्धांच्या सांगण्याचं सार.

कालचं विसरलेला, उद्याचं सुटलेला आणि फक्त या क्षणात राहणारा एक माणूस माझ्या घरात आहे. माझे यजमान. वय ७८. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर ‘स्मृतिभ्रंश’ असं लिहिलं. तेव्हापासून त्यांचं वर्तमानात जगणं मी रोज जवळून पाहते आहे, म्हणून हे पत्र.

दुपारी चारच्या सुमाराला ते दाराकडे बघायला लागतात. ‘निघायला हवं,’ म्हणतात. कुठे, ते सांगता येत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा तेच, त्याच घाईनं, जणू पहिल्यांदाच सुचलंय. पाण्याचा पेला दिला की पितात, पेला खाली ठेवला की पाणी मागतात. क्षण त्यांच्याकडे भरपूर आहेत. एकाला दुसरा जोडलेला नाही, एवढंच. त्या न जोडलेल्या क्षणांत शांती असेल अशी कुणाची कल्पना असेल, तर त्यांनी एक संध्याकाळ माझ्याकडे येऊन बसावं. तिथे भीती आहे. आपण कुठे आहोत, ही समोरची बाई कोण, आपल्याकडून कुठलं काम राहिलंय, ही भीती.

४९ वर्षं मला ‘अगं’ म्हणणारा माणूस आता ‘अहो बाई, आपण कधी आलात?’ असं अदबीनं विचारतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. आता ‘आत्ताच आले’ म्हणते. खोटंही नाही ते.

ते टंकलेखक होते. मराठी मिनिटाला ४० शब्द, कळफलकाकडे न बघता. यंत्र भंगारात गेलं, तो पेशाही गेला, पण बोटं पांघरुणावर चालूच असतात. ओळ संपली की डावा हात उचलून न दिसणारी कॅरेज उजवीकडे सरकवतात आणि पुढची ओळ धरतात. काय टाइप करतात ते मला कळत नाही. एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘साहेबांचं आहे.’

आता शब्दाकडे येते. ते माझं जुनं काम.

तुमच्या लेखात ‘सजगता’ हा शब्द तेवीस वेळा आला आहे. तो मुळात ज्या शब्दासाठी आलाय, तो पाली शब्द आहे ‘सति’. (छापताना ‘ति’ कृपया ऱ्हस्वच ठेवा. दीर्घ केलात तर वाचकांना भलतंच काही आठवेल.) संस्कृत ‘स्मृति’चं हे पाली रूप. ‘सरति’ म्हणजे आठवतो. १८८१ साली ऱ्हिस डेव्हिड्स या इंग्रज पंडितानं पाली सुत्तांच्या, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या, अनुवादात त्यासाठी ‘माइंडफुलनेस’ हा शब्द योजला. पुढे जवळपास शंभर वर्षांनी, १९७९ मध्ये, जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम सुरू केला आणि तो शब्द जगभर गेला. वेदनेत असलेल्या माणसांना त्याचा आधार मिळाला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण इतक्या हातांतून फिरून तो शब्द मराठीत ‘सजगता’ होऊन उतरला, तेव्हा त्यातली आठवण वाटेत कुठेतरी सांडली. गंमत बघा, डॉक्टरांच्या कागदावर जी ‘स्मृति’ भ्रंश पावली म्हणून लिहिलंय, तीच ही सति.

संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात सतिची व्याख्या येते. फार पूर्वी केलेलं, फार पूर्वी बोललेलंही ज्याला आठवतं, जो ते पुन्हा पुन्हा आठवतो, तो सतिमान. आणि त्याच प्रकरणात या व्याख्येला लागूनच काया, वेदना (म्हणजे सुखदुःखाची जाणीव), चित्त आणि धम्म ही चार स्मृतिप्रस्थानं, म्हणजे सति ठेवायच्या चार जागा, सांगितली आहेत. म्हणजे आठवण ठेवणं आणि आत्ताच्या श्वासाकडे लक्ष असणं या दोन गोष्टी बुद्धांनी एकाच शब्दात बांधल्या. बुद्धांनंतरच्या काळातल्या मिलिंद या ग्रीक राजानं सतिचं लक्षण विचारलं, तेव्हा नागसेन या भिक्खूनं चक्रवर्ती राजाच्या भांडारपालाचा दाखला दिला. तो भांडारपाल रोज सकाळ-संध्याकाळ राजाला सांगतो: महाराज, आपले हत्ती इतके, घोडे इतके, रथ इतके, सोनं इतकं, लक्षात असू द्या. सति ही अशी. काय जवळ आहे, काय हिताचं, काय नाही, हे ऐन वेळी समोर आणून ठेवणारी. दुसरा एक दाखला सीमेवरच्या नगराचा आहे. त्या नगराच्या वेशीवर हुशार द्वारपाल असतो. अनोळखी माणसाला तो अडवतो, ओळखीच्याला आत सोडतो. तो द्वारपाल म्हणजे सति. पण ओळखायचं तर चेहरे आठवायला हवेत ना? येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे नुसतं टक लावून बघणारा द्वारपाल काय कामाचा!

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आधी फजिती झाली, मग पुस्तकातलं नीट वाचलं.

निवृत्तीनंतर मी पाली शिकले आणि ध्यानाला बसू लागले. यजमानांचं दुखणं सुरू झालं तरी सकाळचा पाऊण तास मी सोडला नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ते आतल्या खोलीत झोपले होते, मी बाहेर बसले. त्या दिवशी श्वास फार सुंदर लागला होता. नाकपुडीशी येणारा थंड, जाणारा किंचित ऊन, मधली बारीकशी थांबण्याची जागा, सगळं स्वच्छ. म्यानमारच्या महासी सयाडोंच्या पद्धतीत जे जाणवेल त्याची मनात नोंद करतात: ऐकू येतंय, ऐकू येतंय, खाज, खाज. तशी सवय मला होती. मध्येच कडी वाजली. मी नोंद केली, ‘आवाज, आवाज’, आणि परत श्वासावर आले.

डोळे उघडले तेव्हा दार सताड उघडं होतं.

चाळीस मिनिटांनी ते कोपऱ्यावरच्या बाकावर सापडले. पायांत माझ्या चपला. शेजारच्या मुलानं त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवलं होतं म्हणून बरं. मी कडी ऐकली होती, संपादक महोदय. अगदी लख्ख ऐकली होती. पण ती कोणत्या दाराची, ती काढणारं घरात कोण आहे आणि तो बाहेर गेला तर परत येऊ शकत नाही, हे काही मला आठवलं नाही. द्वारपालानं चेहरा पाहिला, ओळखलं नाही.

दोष पद्धतीचा नाही, माझा. सतिच्या जोडीला बुद्धांनी नेहमी दुसरा एक शब्द ठेवला आहे, ‘सम्पजञ्ञ’, म्हणजे समजून-उमजून करणं. अट्ठकथेत, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या पाली भाष्यात, त्याचे चार प्रकार आहेत आणि त्यातले पहिले दोन अगदी व्यवहारी: जे करतोय त्याचा उपयोग आहे का, आणि ते आत्ता, इथे योग्य आहे का. कडी न अडकवता डोळे मिटून बसणं यातल्या दुसऱ्या प्रश्नाला सपशेल नापास होतं. मी अर्धीच गोष्ट घेतली होती, आणि ती सुखाची अर्धी.

सतिचा सराव शिकवणारं सतिपट्ठान सुत्त वाचलं की एक जाणवतं. श्वासाचा भाग संपला की ते सुत्त लगेच उठून चालायला लागतं. जाताना, परतताना, समोर बघताना, वळून बघताना, हात आखडताना, पसरताना, खाताना, पिताना, चावताना, आणि हो, शौचाला आणि लघवीला बसतानाही भिक्खू समजून-उमजून करतो, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. तुमच्या पुरवणीत सजगतेच्या लेखाबरोबर दर वेळी तोच फोटो असतो: डोळे मिटलेली तरुण मुलगी, मागे सूर्य. एखाद्या वेळी फरशी पुसणारी बाई छापून बघा. किंवा चादर बदलणारी.

समोर आहे तेच बघणं मुद्रितशोधनात आम्हाला वेगळ्या रीतीनं शिकवलं होतं. मन जे असतं ते वाचत नाही, जे असायला हवं ते वाचतं. ‘अध्यक्ष’ असा शब्द अपेक्षित असला की ‘अध्यक्श’सुद्धा बिनचूक दिसतो. म्हणून आम्ही शेवटच्या तपासणीला ओळ उलटी, शेवटून पहिल्या शब्दाकडे वाचत असू. अर्थ सुटतो, अक्षर दिसतं. बाहिय नावाच्या माणसाला बुद्धांनी भर रस्त्यात, भिक्षेला निघालेले असताना, घाईघाईत उपदेश केला: पाहिलेल्यात फक्त पाहिलेलं असू दे, ऐकलेल्यात फक्त ऐकलेलं. ते वाचलं तेव्हा मला आमची उलटी ओळ आठवली. पण एक सांगते, उलट्या वाचनानं अक्षरं तपासता येतात. ‘मंत्र्यांनी नकार दिला’च्या जागी ‘होकार दिला’ पडलं असेल, तर ते मूळ प्रत आठवत असल्याशिवाय सापडत नाही. दोन्ही लागतं.

रोजची आंघोळ हे आमच्या घरातलं सगळ्यांत धोक्याचं काम. ओली फरशी, त्यांचं वजन माझ्यापेक्षा १४ किलोनं जास्त, आणि मध्येच त्यांना वाटतं की कुणीतरी परकी बाई आपले कपडे काढतेय. पहिले काही महिने माझं सगळं लक्ष त्यांच्यावर. त्यांचा पाय कुठे पडतोय, हात कुठे धरतोय. एकदा दोघंही घसरलो. त्यांना काही झालं नाही, माझं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. नंतर व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीनं मला बाथरूममध्येच उभं केलं आणि सांगितलं, ‘आजी, आधी स्वतःचे पाय रोवा. मग त्यांना धरा. तुम्ही त्यांच्याकडे बघत बसलात की दोघं पडणार.’

तिला मी मेदकथालिकाची गोष्ट सांगितली, तर ती हसली. बुद्धांनी सांगितलेली आहे. एक डोंबारी बांबू उभा करतो आणि आपल्या शिष्याला, मेदकथालिकाला, वर खांद्यावर चढवतो. म्हणतो, ‘तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे खेळ दाखवून सुखरूप खाली उतरू.’ शिष्य म्हणतो, ‘नाही गुरुजी, असं नाही चालायचं. तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो.’ बुद्ध म्हणतात, शिष्याचं बरोबर. पण तिथेच थांबत नाहीत. स्वतःला सांभाळणारा दुसऱ्याला सांभाळतो, आणि दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःला सांभाळतो. पहिलं होतं सतिच्या सरावानं. दुसरं होतं क्षमेनं, अहिंसेनं, मैत्रीनं, कळवळ्यानं. आता मी न्हाणीत शिरताना आधी तळपायांना फरशी कशी लागतेय ते बघते. गार आहे, निसरडी आहे, डावा पाय जरा आत वळलाय. मग हात पुढे करते. त्यांना साबण लावताना ‘मी पाठ चोळतेय हं’ असं आधी सांगते. दर वेळी सांगते, कारण दर वेळी ते नवं असतं.

आता अनित्यतेबद्दल. त्या लेखात ती फार गोड करून सांगितली आहे: सगळं जाणारच आहे, म्हणून घट्ट धरू नका, हलके व्हा. आमच्याकडे भेटायला येणारी माणसंही तेच सांगतात. दारातून आत येतात, यजमानांकडे बघतात, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, ‘काय करणार, सगळं अनित्य आहे हो.’ आणि तासाभरात जातात. मला राग येतो. राग आलाय हे कळतं, कानशिलं तापतात, जीभ टाळूला चिकटते. सुत्तात लिहिलंय की सद्वेष चित्त असेल तर ‘सद्वेष चित्त आहे’ असं भिक्खू जाणतो. त्याला हाकलून द्या असं त्या ओळीत लिहिलेलं नाही. मी जाणते. कधी दहा मिनिटांत निवतं, कधी रात्रीपर्यंत राहतं.

पण राग का येतो, याचाही मी विचार केला. अनित्यता ही दुसऱ्याला सांगायची गोष्ट नव्हे, म्हणून. किसा गोतमी मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरत होती. अट्ठकथेतली ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यात बुद्ध काय बोलले नाहीत, याकडे लक्ष जात नाही. ‘बाई, सगळं अनित्य आहे’ असं ते तिला म्हणाले नाहीत. ज्या घरात कुणी मेलेलं नाही अशा घरातून मोहरी आण, एवढंच म्हणाले. दारोदार ती स्वतः गेली. कोणाकडे बाप गेलेला, कोणाकडे लेक. मूल तिनं स्वतः स्मशानात नेऊन ठेवलं आणि मग परत आली.

माझी मोहरी मला यजमानांची नखं कापताना मिळाली. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या बाहेरच्या कडेला घट्टा होता, स्पेसबारनं पडलेला. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी हात हातात घेतला, तेव्हा मला तोच लागला होता. दर दहा दिवसांनी मी त्यांची नखं कापते. खिडकीपाशी बसवते, हात मांडीवर घेते, कारण मधूनच ते टाइप करू लागतात आणि कात्री लागायची भीती असते. मागच्या पावसाळ्यात लक्षात आलं की घट्टा मऊ पडलाय. मग हिवाळ्यात अजून मऊ. आता बोट फिरवलं तर नुसती जरा जाड कातडी लागते, कळेल न कळेल अशी. पस्तीस वर्षं टाइप करताना टिकलेला तो घट्टा विरत चाललाय आणि नखं मात्र नेमानं वाढतायत. मुलाचं नाव त्यांना आठवत नाही. नखांना काही विसर पडलेला नाही. श्रामणेर, म्हणजे नवशिका भिक्खू, होणाऱ्याला पहिल्या दिवशी, डोकं भादरताना, पाच शब्द चिंतनाला देतात: केस, लोम, नख, दात, त्वचा. इतकी वर्षं मी ते पाठ म्हणत होते. माझ्या मांडीवर एका माणसाचा हात पडलेला असताना त्यातले दोन मला पहिल्यांदा कळले.

आणि हलकं वाटलं का? नाही. पण कात्री जपून चालवली. घाई केली नाही. बुद्धांचं शेवटचं वाक्य नेमकं इथेच येतं असं मला वाटतं. कुसिनारेत, दोन शालवृक्षांच्या मध्ये, ८० व्या वर्षी: ‘वयधम्मा सङ्खारा, अप्पमादेन सम्पादेथ.’ घडलेलं सगळं व्यय पावणारं आहे. गाफील न राहता पार पाडा. मराठीत प्रमाद म्हणजे मोठी चूक, आमच्या धंद्यात तर नोकरी जाण्याइतकी. पालीत ‘पमाद’ म्हणजे गाफीलपणा, आणि ‘अप्पमाद’चा अर्थ अट्ठकथा सांगते तो असा की सतिची साथ न सुटणं. एका वाक्यात दोन्ही आले, अनित्यताही आणि सतिही. जाणारं आहे म्हणून सोडून द्या, असं ते म्हणाले नाहीत. जाणारं आहे, तेव्हा लक्ष ठेवून काम करा, असं म्हणाले.

नातेवाईक म्हणतात, ‘ते आता ते राहिलेच नाहीत.’ मिलिंदानं नागसेनाला असंच काहीसं विचारलं होतं. नागसेनानं उलट विचारलं: रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एक नाही, पण वेगळीही नाही. त्याच दिव्याच्या आधारानं ती रात्रभर जळली. मी नातेवाइकांना हे सांगत नाही, पुन्हा दाखले नकोत म्हणून. पण पांघरुणावर कॅरेज सरकवणारा डावा हात बघते, तेव्हा उत्तर मला पुरतं.

शेवटचं सांगायचं ते आनंदाबद्दल, बुद्धांच्या सेवकाबद्दल. पंचवीस वर्षं तो सावलीसारखा बरोबर होता, असं थेरगाथेत, म्हणजे जुन्या भिक्खूंच्या पाली कवनांत, तो स्वतःच म्हणतो. बुद्धांचं महापरिनिर्वाण जवळ आलं तेव्हा तो विहारात जाऊन दाराच्या चौकटीला धरून रडत उभा राहिला. मला अजून शिकायचं आहे, आणि माझ्यावर दया करणारे गुरू तर चाललेत, म्हणून. बुद्धांनी त्याला बोलावून घेतलं. प्रियाचा वियोग होतो हे मी तुला आधीच सांगितलं नव्हतं का, असं विचारलं खरं, पण लगेच म्हणाले, आनंदा, दीर्घकाळ तू हातांनी, वाणीनं, मनानं मैत्रीपूर्वक माझी सेवा केलीस, पुष्कळ पुण्य केलंस. मग सगळ्या भिक्खूंसमोर त्याचं कौतुक केलं. रडणाऱ्याला अनित्यता सांगायची, तर ती अशी.

अंगुत्तर निकायात बुद्धांनी कुठल्या गुणात कोण श्रेष्ठ याची यादी दिली आहे. सेवा करणाऱ्यांत श्रेष्ठ आनंद. आणि सतिमानांत श्रेष्ठ कोण? तोही आनंदच. इतकी वर्षं दोन्ही ओळी माझ्या डोळ्यांखालून गेल्या होत्या, पण शेजारी शेजारी ठेवून वाचल्या नव्हत्या. ज्याला सगळ्यांत जास्त आठवत होतं, तोच माणूस पाणी भरत होता, आसन घालत होता.

विनयपिटक या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात एका भिक्खूची हकिगत आहे. अतिसारानं तो स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला, कुणी बघत नव्हतं. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला पाठवलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदानं धुतलं. मग बुद्धांनी डोक्याकडून धरलं, आनंदानं पायांकडून, आणि त्याला उचलून मंचकावर निजवलं. त्यानंतरचं वाक्य प्रसिद्ध आहे, ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी. मला त्या वाक्यापेक्षा आधीची वाटणी आवडते, डोक्याकडून एक, पायांकडून एक. रात्री यजमानांना निजवताना मी एकटी असते. आधी पाठ टेकवते, मग पाय उचलून वर घेते. ते बहुतेक वेळा ‘आभारी आहे’ म्हणतात. कुणाला म्हणतात ते त्यांना माहीत नसतं.

तेव्हा माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी या विषयावर लेख छापाल, तर त्यात ‘विसरा’ हा शब्द नको. ज्यांच्या घरी विसरणारं माणूस आहे, तेही तुमचे वाचक आहेत.

पत्र लांबलं याची कल्पना आहे. कापायचंच असेल तर ऱ्हिस डेव्हिड्स आणि भांडारपाल कापा, फरशीचा आणि नखांचा भाग ठेवा. नाव छापू नये. आणि त्या ‘ति’चं तेवढं बघा.

आपली,
एक जुनी वाचक